वाचकांचे प्रश्न : जमिनीतून निघालेल्या जुन्या बाटल्या

प्रश्न : देवळालीतील आमच्या जुन्या घराच्या आवारात टाकीसाठी खड्डा खणताना राखेचा थर लागला. त्यातून गोटीसोड्याची हिरवट बाटली, तळाकडे निमुळती होत गेलेली व उभी न राहणारी एक बाटली आणि उभ्या कंगोऱ्यांची निळी लहान बाटली निघाली. त्या किती जुन्या असाव्यात?
– एक वाचक, देवळाली

उत्तर : तिन्ही बाटल्या एकाच थरातील असतील, तर त्यांचा विचारही एकत्रच करावा. उभी न राहणारी बाटली सोडावॉटरची आहे. विल्यम हॅमिल्टन यांच्या 1809 च्या पेटंटमुळे ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. अशी बाटली आडवीच ठेवावी लागत असल्यामुळे बूच सतत ओले राही, ते सुकून आकसत नसे आणि वायू निसटत नसे. हा आकार पुढे शंभरेक वर्षे चालू राहिला, त्यामुळे 1809 हे आपल्या बाटलीचे वय समजू नये.

गोटीची बाटली अधिक उपयोगाची आहे. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने 1872 च्या सुमारास तिला आजचे रूप दिले. बाटली उलटी धरून भरली जाई. सरळ केल्यावर आतील वायूचा दाब गोटीला तोंडातील रबरी कड्यावर घट्ट दाबून धरी. गळ्याजवळ काचेला दोन खोबणी दिसतील. ओतताना गोटी तिथे अडकते आणि परत तोंडाशी येऊन प्रवाह अडवत नाही. थराचे वय त्यातील सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून ठरवतात, म्हणजे आपला राखेचा थर 1872 च्या आधीचा असू शकत नाही. गोटीची बाटली आपल्याकडे आजही बनते व वापरली जाते, म्हणून निव्वळ आकारावरून ती जुनी ठरत नाही. मात्र सोबत बुचाची आडवी बाटली सापडल्याने एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध किंवा विसाव्याचा आरंभ हा अंदाज बळकट होतो. अंगावरील उठावाची अक्षरे तिरप्या उजेडात वाचून पाहावीत. बाटली इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील बार्न्झली गावची आणि सोडा भरणारा मुंबई-पुण्याचा, अशी दोन नावे एकाच बाटलीवर आढळणे शक्य आहे, कारण गोटीच्या बाटल्या तेथून मोठ्या प्रमाणात बाहेर जात असत.

निळी बाटली बहुधा विषारी द्रव्याची आहे. अंधारात चाचपडतानाही हाताला धोका कळावा, म्हणून अशा बाटल्यांना कंगोरे ठेवीत. त्यात काही शिल्लक असेल, तर ती उघडू नये आणि हुंगूही नये. त्या काळी स्ट्रिक्निनसारखी जहाल विषेही औषधांच्या दुकानांत मिळत असत.

प्रश्न : जुन्या बाजारात एक जांभळट बाटली घेतली. काचेत बुडबुडे आहेत, म्हणून ती पेशवाईतील असल्याचे विक्रेत्याने सांगितले. हे खरे मानावे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बुडबुड्यांवरून पेशवाई गाठता येत नाही, ते निकृष्ट भट्टीतल्या कालच्या काचेतही असतात. त्याऐवजी साच्याच्या सांध्याची रेघ बोटाने तपासावी. ती गळ्यावरच विरून गेली असेल, तर तोंड हत्याराने फिरवून घडवले आहे. ती ओठावरून थेट पलीकडे जात असेल, तर बाटली बहुधा यंत्राची, म्हणजे मायकेल ओवेन्स यांचे स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास आल्यानंतरची आहे. तळाशी काच तुटल्यासारखा खरबरीत वण असेल, तर तोंड घडवताना ती तळाकडून दांड्यावर धरलेली होती. इंग्लंड-अमेरिकेतील साध्या बाटल्यांवर हा वण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कमी होत गेला. भारतीय बाटलीला मात्र हे निकष जसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 मध्ये निघाला आणि हाताने काच फुंकण्याचे काम आपल्या देशात त्यानंतरही दीर्घकाळ चालले, त्यामुळे हातघडणीची खूण असलेली देशी बाटली आजोबांच्या तरुणपणीचीही असू शकते.

जांभळ्या रंगाबाबत सांगायचे, तर काचेचा हिरवटपणा घालवण्यासाठी पूर्वी मँगनीज मिसळत आणि अशी काच वर्षानुवर्षे उन्हात राहिली की फिकट जांभळी होते. रंग गडद व सर्वत्र सारखा असेल, तर सावध राहावे. किरणोत्सर्गाच्या माऱ्याने तो मुद्दाम आणता येतो आणि त्यावर किंमतही वाढवली जाते.

प्रश्न : जमिनीतील बाटल्यांवर इंद्रधनुषी पापुद्रा असतो. तो काढावा का? आणि अशा वस्तू घरी ठेवण्यास कायद्याची आडकाठी आहे का?
– एक वाचिका, सातारा

उत्तर : तो पापुद्रा म्हणजे मळ नसून ओलाव्याने क्षार झिरपून गेलेली काचच आहे. आम्ल, वाळू किंवा तारेचा ब्रश वापरल्यास ती उडते आणि परत येत नाही. साध्या पाण्यात भिजवून मऊ कुंचल्याने माती सोडवावी. गरम पाणी टाळावे.

कायद्याचे म्हणाल, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ऐतिहासिक महत्त्वाची शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरू शकते आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. संरक्षित किल्ल्याच्या हद्दीत परवान्याशिवाय कुदळ मारणे हा गुन्हा आहे, मग हाती फुटकी बाटली लागो वा काहीच न लागो.