रेशीमच्या तुतीचा पाला उकळून दिला तर वडिलांची शुगरची गोळी बंद होईल का?

तुम्ही लिहिलंय की बीडकडे शेत आहे, एकरभर तुती आहे, वडिलांना शुगर आहे, आणि गावात कुणीतरी सांगितलंय की मूठभर पाला अर्धं पाणी आटेपर्यंत उकळून सकाळी अनशापोटी द्या.

गोळी बंद होणार नाही, ते डोक्यातून काढून टाका. पाला मात्र बिनकामाचा नाही. बिनकामाची आहे ती ही सांगितलेली रीत.

तुतीच्या पाल्यात डीऑक्सिनोजिरिमायसिन नावाचा घटक असतो. भाकरी, भात, साखर फोडणारी विकरं (एन्झाइम) लहान आतड्यात असतात, त्यांना तो अडवतो. त्यामुळे जेवल्यावर रक्तातली साखर एकदम न चढता हळूहळू चढते. पोटात भाकरीच नसेल तर अडवायचं काय? म्हणून हा चहा जेवणाला बसताना घ्यायचा, अनशापोटी नाही. आणि हा घटक पाण्यात सहज उतरतो. आटवत बसलं की कडूपणा तेवढा वाढतो.

पाला कोणता घ्यायचा, यात खरी मेख आहे. शेंड्याकडची पहिली चार-पाच कोवळी पानं घ्या, गुण तिथं जास्त असतो. खालचा जून पाला रेशमाच्या अळीला ठेवा. दव उतरल्यावर तोडा, दोन पाण्यांतून धुवा, फडक्यावर निथळू द्या. मग इडलीपात्रात दीड-दोन मिनिटं वाफ द्या. ही वाफ लोक टाळतात आणि पाला काळा पडला म्हणून तक्रार करतात. चिरलेलं वांगं जसं काळं पडतं तसंच हे. वाफ दिली की हिरवा रंग टिकतो. नंतर देठ काढून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा आणि सावलीत, पंख्याखाली, एकाच थरात पसरा. उन्हात नको. चार किलो ओल्या पाल्याचा साधारण किलोभर सुका होतो. मुठीत दाबल्यावर कुरकुरून चुरा झाला पाहिजे. नुसता वाकला तर ओल आहे आणि डब्यात बुरशी धरणार. पावसाळ्यात हे करूच नका. शेवटी लोखंडी कढईत मंद आचेवर, ओल्या गवताचा वास जाऊन भाजका वास सुटेपर्यंत परता आणि पूर्ण गार झाल्यावरच काचेच्या बरणीत भरा.

एका कपाला चमचाभर चुरा, म्हणजे दोन-तीन ग्रॅम. पाणी उकळून खाली उतरवा, चुरा टाका, पाच मिनिटं झाका, गाळा. दूध नको, आणि साखर घालून पिणार असाल तर हा खटाटोप कशाला केला?

फवारणीचं बोलतो, कारण आपल्याकडे तुतीच्या बांधाला कापूस नाहीतर सोयाबीन असतंच. शेजाऱ्याच्या कीटकनाशकाचा वारा तुतीवर आला की अळ्या पटापट मरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. जो पाला अळ्यांच्या बॅचला घालायला हात धजत नाही, तो वडिलांना पाजू नका. बांधालगतच्या ओळी सोडून मधला पाला घ्या. मात्र अळी जगली म्हणजे पाला निर्धोक, असंही नाही; बुरशीनाशक मारलेल्या पाल्यावर अळी जगू शकते.

"झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो" हे वाक्य मी भावकीत इतक्यांदा ऐकलंय की आता स्पष्टच बोलतो. जो पाला विकराला अडवतो, ते औषधच झालं. न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. पोट फुगतं, कुणाला जुलाब होतात. अर्ध्या कपानं सुरू करा. वडिलांना व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर त्या गोळ्यांचं काम हेच आहे. वरून पाला नको. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि किडनीचा त्रास असलेलं माणूस यांनी हा नाद करू नये. चहाचा गुण गोळीइतका नाही, तेव्हा जेवणाआधी आणि जेवल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा बघा, वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वडील इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडच्या गोळीवर असतील आणि रक्तातली साखर उतरून घाम, थरथर सुटली, तर घरातली साधी साखर नका देऊ. पाल्यामुळे ती फुटायलाच वेळ लागेल. ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून द्या, आणि तो डबा चहाच्या बरणीशेजारीच ठेवा.