मैफलीचे ध्वनिमुद्रण आणि गायकाची परवानगी

पुणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

सदाशिव पेठेतल्या घरगुती मैफलीत तू गायलेला मारवा कोणी तरी न विचारता यूट्यूबवर टाकला, तेव्हा त्याचा राग मानावा की आनंद, असे तू विचारले आहेस. मित्राच्या हार्डडिस्कवरून काही अल्बम उतरवून घेतल्याचेही तू लिहिले आहेस. ध्वनिमुद्रण करणे आणि ते जगासाठी खुले करणे या दोन गोष्टींचा विचार तू वेगवेगळा करावास, असे मला वाटते. पुण्यात आधी स्पूलचा (उघड्या फितीच्या रिळांचा) टेपरेकॉर्डर, पुढे कॅसेट रेकॉर्डर आणि आता मोबाइल घेऊन पुढ्यात बसणारे रसिक पूर्वीपासून आहेत आणि त्यांनी जपलेल्या फिती ऐकून माझ्या पिढीने कितीतरी बंदिशी अभ्यासल्या. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही, त्यांच्या गायकीचा अंदाज शिष्यांच्या गाण्यावरूनच बांधावा लागतो, हे आठवले की अशा रसिकांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते. कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ देखील खाजगी वापरासाठी किंवा केवळ अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला उल्लंघन मानत नाही.

तेच मुद्रण सर्वांपुढे ठेवायचे की नाही, हे मात्र गाणाऱ्याने ठरवायचे असते. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने हा अधिकार कलावंताला स्पष्ट शब्दांत दिला असून तो ५० वर्षे टिकतो. पैशाचा प्रश्न आहेच, पण गवयाच्या मनाला अधिक लागते ते दुसरेच. आवाज बसलेल्या दिवशीचे, अजून पुरते न पिकलेल्या रागाचे गाणे कायमचे त्याच्या नावावर चिकटते आणि तबला-संवादिनीच्या साथीदारांचा बहुधा उल्लेखही नसतो. साथीदारांची ही उपेक्षा मला फार खटकते, कारण कायद्याने तेही तुझ्याइतकेच कलावंत आहेत.

प्रकाशित अल्बमची फुकट उतरवलेली प्रत ही सरळ चोरी आहे, असे मी मानतो. तिथे स्टुडिओचे भाडे आणि साथीदारांची बिदागी कोणी तरी पदरची घातलेली असते. सगळेच संगीतकार याकडे एकाच नजरेने पाहत नाहीत, हेही खरे. मेटॅलिका या रॉक बँडने २००० साली नॅप्स्टर या गाण्यांच्या फाइली फुकट देवाणघेवाण करण्याच्या इंटरनेट सेवेवर खटला भरला, तर रेडिओहेड या दुसऱ्या बँडने २००७ मध्ये आपला अल्बम संकेतस्थळावर ठेवून त्याची किंमत श्रोत्यांनाच ठरवू दिली. मात्र ती मोकळीक रेडिओहेडने स्वतः दिली होती, आणि नॅप्स्टरवरच्या देवाणघेवाणीत मेटॅलिकाला कोणी विचारलेच नव्हते.

म्हणून आधी साथीदारांचे मत घे आणि मग त्या रसिकाला सौम्य शब्दांत लिही. मुद्रण ठेवायचे ठरले, तर सर्वांची नावे घालायला सांग. नको असेल, तर काढून टाकण्याची विनंती कर आणि त्याने ऐकले नाही, तरच यूट्यूबकडे तक्रार कर. पुढच्या मैफलीपूर्वी मुद्रणाच्या अटी आयोजकांकडून लेखी घे. मित्राच्या हार्डडिस्कवरून तू जे अल्बम उतरवून घेतलेस, त्यांतले आज बाजारात मिळतात तेवढे या महिन्यातच विकत घे.