गाडीची उंची कमी करताना
प्रश्न : माझ्या हॅचबॅकची उंची थोडक्या खर्चात कमी करायची आहे. गॅरेजवाले स्प्रिंगा कापून देतो म्हणतात. तसे करावे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : कृपया स्प्रिंगा कापू नका. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते आणि चाक खड्ड्यात लोंबले की ती बैठकीतून निसटू शकते. गॅसने तापवून स्प्रिंग खाली दबवणे त्याहून घातक, कारण पोलादाचे पाणीच (भार पेलण्याची ताकद) उतरते. आपल्या मॉडेलसाठीच बनवलेल्या, २५-३० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचा संच घ्यावा, शॉक अ‍ॅब्सॉर्बर सुस्थितीत असल्यास तेच ठेवावेत आणि नंतर व्हील अलाइनमेंट अवश्य करावे. पुण्यातले गतिरोधक पाहता याहून खाली जाऊ नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध असल्याने खरेदीपूर्वीच आरटीओत चौकशी करावी.