प्रोटॉन थेरपीनंतर घशाचा त्रास कधी संपतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांची टॉन्सिलच्या कॅन्सरसाठीची प्रोटॉन थेरपी संपून आठ महिने झाले, स्कॅन स्वच्छ आहे, तरी तोंड कोरडं, चव नाही, जबडा आखडलेला. आई रोज नवीन काहीतरी करते आणि बाबा ताट सरकवतात. 'प्रोटॉनला साइड इफेक्ट नसतात' असं ऐकून एवढा खर्च केला, मग हे काय, आणि कधी थांबणार?

काही त्रास कमी होतील, काही आहेत तिथेच राहतील आणि एखाद-दुसरा अजून यायचाही असेल. म्हणून नुसती वाट बघत बसू नका. रोज करायची काही कामं आहेत, ती आजपासून सुरू करा.

मी पुण्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. २०२१ मध्ये माझाही टॉन्सिलचाच निघाला, उपचार चेन्नईत घेतले. (तंबाखू? आयुष्यात कधी नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळेही हा होतो, पण प्रत्येक नातेवाइकाला हे समजावायचा आता कंटाळा आलाय.) तेव्हा आधी थोडं फिजिक्स सहन करा.

नेहमीच्या रेडिएशनमधले क्ष-किरण म्हणजे प्रत्येक स्टेशनावर माणसं उतरवत पुढे जाणारी गाडी. गाठ मधलं स्टेशन, पण गाडी तिथे थांबत नाही, पलीकडच्या चांगल्या भागातही माणसं उतरतातच. प्रोटॉन थेरपी हेही रेडिएशनच, पण त्यात क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन हे अणूतले कण सोडतात. त्यांची गाडी वाटेत थोडे उतरवते, ठरलेल्या मुक्कामावर बहुतेक सगळे उतरवते आणि तिथेच संपते. शेवटच्या या गर्दीला ब्रॅग पीक म्हणतात. कॅन्सरसाठी याचा उपयोग करता येईल, हे रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ मध्येच सुचवलं होतं. म्हणजे फायदा आहे तो पलीकडच्या भागाचा. मुक्कामाच्या स्टेशनाला मात्र पूर्ण डोस बसतो, साधारण ६६ ते ७० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), सहा-सात आठवड्यांत. टॉन्सिलच्या बाबतीत त्या स्टेशनात काय काय येतं? गिळायचे स्नायू, जबड्याचा कोपरा, त्या बाजूच्या लाळग्रंथी, मानेतल्या गाठींचा पट्टा. आणि वाटेतली कातडी. मानेची त्वचा तर प्रोटॉनमध्ये कधी कधी क्ष-किरणांपेक्षाही जास्त भाजते.

तुम्हाला जे सांगितलं गेलं ते म्हणूनच अर्धवट होतं. अमेरिकेतल्या ४४० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत आजार आटोक्यात ठेवण्यात दोन्ही पद्धती सारख्या ठरल्या, आणि प्रोटॉनवाल्यांना अन्नासाठी पोटात नळी घालायची वेळ कमी आली. ब्रिटनमधल्या टॉर्पेडो चाचणीत मात्र वर्षभरानंतरच्या गिळण्यात आणि एकूण जगण्याच्या दर्जात फारसा फरक दिसला नाही. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. 'साइड इफेक्ट नाहीत' हे वाक्य मात्र सेल्समनचं आहे.

आता कोरडं तोंड. लाळ दोन वर्षांपर्यंत हळूहळू सुधारू शकते, पण पूर्वीइतकी होईलच असं नाही. माझी दिवसा बरी आहे. रात्री मात्र जीभ टाळूला चिकटून जाग येते. उशाशी पाण्याची बाटली असतेच. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा इतकी कोरडी होते की एसीपेक्षा मला साधा पाण्याचा कूलर मानवतो. कोमट पाण्यात थोडं मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा खळखळून चुळा भरायच्या. माउथवॉश अल्कोहोलवाला नको. पुदिन्याची टूथपेस्ट झोंबत असेल तर लहान मुलांची आणा, फक्त तीत फ्लोराइड आहे ना ते बघून. लाळ वाढवायला पायलोकार्पिनच्या गोळ्या असतात, पण दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्या चालतीलच असं नाही, डॉक्टरांना विचारूनच.

आणि खडीसाखर! घरी येणारा प्रत्येक जण 'तोंडात खडीसाखर धरा हो' म्हणतो. अजिबात नाही. लाळ नसलेल्या तोंडात साखर म्हणजे काही महिन्यांत हिरडीच्या कडेने दात किडायला सुरुवात. चघळायचंच असेल तर बिनसाखरेचं, झायलिटॉलवालं च्युइंगगम. सुपारी खात असतील तर ती आजच बंद, तिने तोंड आणखी आखडतं.

दातांचं जरा ठासून सांगते. जास्त डोस बसलेल्या जबड्याच्या हाडाची भरून येण्याची ताकद कायमची कमी होते. तिथला दात उपटला तर कधी कधी जखम भरतच नाही, हाड उघडं पडून सडू शकतं, आणि हा धोका वर्षं गेली म्हणून संपत नाही. माझी एक दाढ दुखायला लागली तेव्हा पेठेतल्या एका डेंटिस्टने पाच मिनिटांत 'हलतेय, काढून टाकू' म्हणून इंजेक्शन भरायला घेतलं. मी खुर्चीतून उठले, पिशवीतून डोसचा रंगीत नकाशा काढला आणि त्या बाजूच्या जबड्यावरचा लाल पट्टा त्यांना दाखवला. मग माझ्या रेडिएशनच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, आणि दाढ न काढता रूट कॅनाल करून मुळं तशीच ठेवली. तुम्ही हॉस्पिटलकडून उपचाराचा सारांश आणि हा डोस प्लॅन मागून घ्या. लॅमिनेशन केलंत तरी चालेल. दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्यायचे आणि दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये फ्लोराइड जेल रोज लावायचं.

जबडा. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात घाईचं हेच वाटलं, कारण इथे गेलेला वेळ परत मिळत नाही. रेडिएशनचा शेक बसलेले स्नायू महिनोन् महिने घट्ट होत जातात. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर ३५ मिलीमीटरपेक्षा कमी असेल तर त्याला ट्रिसमस म्हणतात. घरच्या घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, आत जायला हवीत. त्यासाठीची उपकरणं महाग आहेत. मी अप्पा बळवंत चौकातून मुलांच्या हस्तकलेच्या आइसक्रीमच्या काड्यांचं पाकीट आणलं. मावतील तेवढ्या काड्यांची थप्पी दातांत धरायची, अर्धा मिनिट थांबायचं, सोडायचं, परत धरायचं. असं दिवसातून चार-पाच वेळा. थोडं सैल वाटलं की थप्पीत एक काडी हळूच सरकवायची. ताण बसायला हवा, कळ नको. किती आणि कसं, हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. दात हलत असतील तर काड्या वापरूच नका. मी अजूनही बातम्या बघताना काड्या धरते. नवरा म्हणतो, तेवढीच घरात शांतता.

गिळणं. हे स्नायू वापरले नाहीत तर जातात, म्हणून दोन घोट का होईना, रोज तोंडाने गेलेच पाहिजेत. व्यायाम शिकवायला स्वॉलो थेरपिस्ट असतात, म्हणजे स्पीच थेरपीवालेच. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत ते मिळतात, पण विचारल्याशिवाय कोणी पाठवत नाही. जोर लावून गिळणे, जीभ दातांत धरून गिळणे, उताणं पडून फक्त डोकं उचलून पायाची बोटं बघणे, असे प्रकार असतात. आधी तपासणी मात्र करून घ्या, कारण काही जणांचं अन्न श्वासनलिकेत जातं आणि ठसकाही लागत नाही. व्हिडिओफ्लुरोस्कोपीत (गिळतानाचा क्ष-किरणांचा व्हिडिओ) किंवा नाकातून दुर्बीण घालून ते दिसतं.

ताटाबद्दल. चपातीचा तोंडात गोळा होतो आणि तो पुढेही जात नाही, मागेही येत नाही. मऊ भात, साधं वरण आणि नको इतकं तूप. मेतकूट-भात, ज्वारीची पातळ आंबील, दह्यातली कोशिंबीर (मिरची वगळून), ऑम्लेट, दुधात कुस्करलेली पुरणपोळी. मिसळीचा नाद मी सोडून दिलाय. बाकरवडी आमटीत बुडवून खाते, यावर ज्याला हसायचं त्याने हसावं. चव बहुतेकांची काही महिन्यांपासून वर्षभरात बऱ्यापैकी परत येते, पण एकदम नाही. चहात साखर आहे की नाही हे मला कळायच्या कितीतरी आधी लिंबाच्या लोणच्याचा खार कळला. आईंना सांगा, रोज नवा पदार्थ नको. आज जे दोन पदार्थ घशाखाली जातात तेच आठवडाभर करा. आणि बाबा जेवत असताना समोर बसून घास मोजू नका. मला अर्धी वाटी भाताला पाऊण तास लागायचा, आणि कोणी बघत बसलं की तेवढाही जायचा नाही.

नंतर येणाऱ्या गोष्टी: मानेला शेक बसला की थायरॉइड मंदावू शकतं, कधी कधी काही वर्षांनी. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करा. बाबा सुस्त झाले, वजन वाढलं, थंडी वाजते, तर लगेच 'निराश झालेत' असं धरू नका. हनुवटीखाली सकाळी सूज येऊन दिवसभरात उतरत असेल तर ती लिम्फची, म्हणजे नीट वाहून न गेल्याने साचलेल्या द्रवाची असू शकते, त्यासाठी खास मसाज असतो, तोही शिकूनच करायचा. पहिल्या काही महिन्यांत मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होऊ शकतं. ते बहुधा आपोआप थांबतं, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. केमोमध्ये सिस्प्लॅटिन हे औषध होतं का? त्याने ऐकू कमी येऊ शकतं. असेल तर एकदा कानांची तपासणी. मानेची कातडी उन्हापासून जपायची. पुण्यात स्कूटरवर आम्हा बायकांच्या तोंडाला जो स्कार्फ गुंडाळलेला असतो, त्याचा एवढा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं ते कधी? जेवणानंतर खोकला आणि ताप, वजन घटत जाणं, मानेत नवी गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तोंडात दिसणारं हाड, आवाजात किंवा गिळण्यात नवा बदल. तोंडातून रक्त येत असेल किंवा श्वास लागत असेल तर सरळ इमर्जन्सी.

बाहेर जाणं थांबवू नका. बालगंधर्वला नाटक बघायला गेले की मी कडेची खुर्ची घेते, म्हणजे ठसका लागला तर कुणाच्या पायांवरून जावं लागत नाही. पाण्याची बाटली जिथे आत नेऊ देत नाहीत तिथे डॉक्टरांची चिठ्ठी दाखवते.

आज रात्री बाबांना आरशासमोर उभं करून तीन बोटांची चाचणी घ्या. दोन किंवा त्याहून कमी जात असतील तर याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टची वेळ घ्या. किती गेली ते खाली लिहा, मी बघते.