जबाबदारी मागच्याची

या अंकासाठी सोलापुरातून आलेल्या पत्रांत मोटरसायकल ट्रॅक डेचे प्रश्न जास्त आहेत. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त सर्किटवर पैसे भरून आपलीच गाडी चालवायची, नंबर काढायचे नाहीत. रायडर बहुधा तीन गटांत विभागतात आणि एकेक गट १५ ते २० मिनिटं आळीपाळीने ट्रॅकवर जातो. या एका पाळीला सेशन म्हणतात.

प्रश्न : सहा वर्षं ३९० सीसीची गाडी चालवतोय. हैदराबाद, गोवा अनेकदा झालं. फॉर्मवर ‘नवशिके, मध्यम, प्रगत’ असे गट आहेत. मी मध्यम लिहिलं. ट्रॅकवर पहिल्यांदाच जातोय. बरोबर ना? (जुळे सोलापूर)

उत्तर : नाही. फॉर्म बदलून घ्या. गट सीसीवरून ठरत नाही आणि हायवेच्या किलोमीटरवरूनही नाही. हैदराबाद रोडवर तुमचा दम कळतो. एकाच वळणाला दर फेरीत त्याच जागी ब्रेक लागतो का, गाडी त्याच जागी आत वळते का, हे तिथे कळत नाही. ट्रॅकवर नेमकं तेच बघतात. वेग नंतर.

गट म्हणजे हुद्दा नाही. कोणत्या गटात कुठे ओव्हरटेक चालतो, एवढाच त्याचा अर्थ. मध्यम गटात वळणाच्या मध्यावर कोणीतरी तुमच्या बाहेरून, दोन मीटर अंतर ठेवून पुढे जाणार. सवय नसेल तर माणूस दचकतो आणि बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर जातात. झुकलेल्या गाडीचा पुढचा ब्रेक असा दाबला की ती सरळ उभी राहू बघते आणि बाहेर जाते. पुढे जाणारा नेमका तिथेच असतो. चूक त्याची नसते, पण दोघंही पडतात.

पहिला दिवस नवशिक्यांतच काढा. प्रत्येक वळणासाठी तीन खुणा पक्क्या करा : ब्रेक कुठे, आत कुठे वळायचं, अ‍ॅपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला सर्वांत जवळ जायची जागा) कुठे. सलग पाच-सहा फेऱ्या त्या खुणा चुकल्या नाहीत आणि शेजारून कोणी गेलं तरी थ्रॉटल हलला नाही, तर प्रशिक्षकाला मागे येऊन बघायला सांगा. ठीक वाटलं तर तो दुपारीच वरच्या गटात पाठवतो. लॅप टायमर मात्र या दिवशी बॅगेतच ठेवा. घड्याळ बघणारा रायडर वळण बघत नाही.

प्रश्न : ओव्हरटेकचे नेमके नियम काय? ‘दोन मीटर’ म्हणजे कुठून कुठे मोजायचे? आणि मागून गाडी आली तर बाजूला व्हायचं का? (होटगी रोड)

उत्तर : आयोजकांप्रमाणे तपशील बदलतात, त्यामुळे सकाळच्या रायडर्स ब्रीफिंगमध्ये सांगतील तेच अंतिम. सर्वसाधारण चौकट अशी. नवशिके फक्त सरळ पट्ट्यावर पुढे जातात. मध्यम गटाला वळणातही परवानगी असते, पण बाहेरून. आतून घुसायची मुभा फक्त प्रगत गटाला, आणि तिथेही समोरच्याला त्याची लाइन (वळणातला त्याचा मार्ग) सोडावी लागली तर तो ओव्हरटेक चुकीचाच धरतात. दोन मीटर म्हणजे साधारण साडेसहा फूट, आणि ते आडवं अंतर. तुमच्या शरीराच्या किंवा गाडीच्या सर्वांत बाहेर आलेल्या भागापासून त्याच्या तशाच भागापर्यंत मोजायचं. वळणात दोघांचे गुडघे बाहेर असतात, म्हणून चाकापासून चाकापर्यंत मोजून भागत नाही.

पुढच्याने काहीच करायचं नाही, हे लोकांना सर्वांत अवघड जातं. रस्त्यावर हॉर्न ऐकला की डावीकडे सरकायची आपली सवय असते. ट्रॅकवर आरसे काढलेले किंवा टेप लावून झाकलेले असतात, हॉर्न कोणी देत नाही. मागच्याला तुम्ही पूर्ण दिसता, तुम्हाला तो दिसत नाही. म्हणून सुरक्षित पुढे जायची सगळी जबाबदारी मागच्याची. त्याने तुमची लाइन ओळखून आखणी केलेली असते. तुम्ही ‘वाट देतो’ म्हणून सरकलात तर त्याची आखणी मोडते. मागे वळून बघू नका. डोकं वळलं की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल. हात सोडून ‘जा पुढे’ असा इशाराही करू नका.

आता मागच्याचं गणित. समोरचा ताशी १३० ने जातोय, तुम्ही १५० ने. फरक २० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. दहा मीटर मागून निघून दहा मीटर पुढे पोचायला साडेतीन सेकंदांहून थोडं जास्त लागतं. तेवढ्यात तुम्ही जवळजवळ १५० मीटर कापलेले असतात. शिवाय १५० वरून ८० वर यायला जोरदार ब्रेक मारूनही ८० मीटर हवेत. म्हणजे वळायच्या जागेपासून साधारण २३० मीटर आधी ओव्हरटेक सुरू व्हायला हवा. बहुतेक चुका इथेच होतात : पट्टा अर्धा संपल्यावर मोह होतो, ब्रेकच्या जागी दोघं शेजारी-शेजारी असतात आणि आतला समोरच्याच्या लाइनवर आडवा येतो. वळायच्या जागेआधी तुम्ही पूर्ण पुढे गेला नसाल, तर तो ओव्हरटेक सोडून द्या. पुढच्या फेरीत तोच पट्टा परत येतो.

प्रश्न : माझी आर-१५ ही छोटी गाडी आहे. मोठ्या गाड्या सरळ पट्ट्यावर भुर्रकन पुढे जातात आणि वळणात समोर अडून बसतात. नियमामुळे मला तिथून पुढे जाता येत नाही. काय करावं? (विडी घरकुल)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि छोट्या गाडीवर चांगला चालवणाऱ्या प्रत्येकाची ती असते. आधी काय करू नये ते सांगतो : त्याच्या मागच्या चाकाला चिकटू नका. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आलं आणि तो जरा सरकला, तर टेकताक्षणी पडणार तुम्ही. तो नाही.

पट्ट्याच्या तोंडाशी असलेल्या वळणाआधी मुद्दाम तीन-चार गाड्यांचं अंतर सोडा. तो आत हळू होईल, तुम्ही तुमच्या वेगाने वळाल आणि बाहेर पडताना थ्रॉटल त्याच्याआधी पूर्ण उघडाल. तो गाडी सरळ करून वेग घेईपर्यंत तुम्ही शेजारी असलात तर पट्ट्याच्या सुरुवातीलाच पुढे जाता येतं. तेही जमलं नाही तर दुसरा उपाय आहे, आणि तो लोक फार कमी वापरतात. हात वर करून पिट लेनमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या मार्गिकेत) या, एक्झिटच्या मार्शलला (ट्रॅकवर लक्ष ठेवणाऱ्याला) मोकळी जागा मागा आणि गर्दी गेली की परत निघा. एक-दीड फेरी जाते, पण उरलेलं सेशन तुमचं असतं.

मोठ्या गाडीवाल्यांनाही सांगणं आहे. एकच छोटी गाडी प्रत्येक वळणात मागे येऊन थांबत असेल, तर वळणात तो तुमच्यापेक्षा वेगवान आहे. पुढच्या पट्ट्यावर आपली लाइन न बदलता थ्रॉटल थोडा कमी करा आणि त्याला जाऊ द्या.

प्रश्न : झेंडे पाठ होत नाहीत. नेमके कोणते आवश्यक? (सात रस्ता)

उत्तर : पिवळा : पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल : सेशन थांबलं. करकचून ब्रेक मारू नका, मागचा अंगावर येईल. हात वर करा, हळू व्हा, पिटमध्ये या. काळा तुमच्याकडे रोखला तर पिटमध्ये या, एक तर तुमची चूक झाली आहे किंवा गाडीतून काहीतरी गळतंय. पिवळ्या-लाल उभ्या पट्ट्यांचा : ट्रॅक निसरडा. चौकटीचा : सेशन संपलं, एक फेरी सावकाश मारून आत. झेंड्यांच्या चौक्या कुठे आहेत, हे पहिल्या दोन फेऱ्यांतच बघून ठेवा.

प्रश्न : गाडी कशी तयार करावी? टायरमध्ये हवा किती? मुलगा पहिल्यांदाच जातोय, म्हणून काळजी वाटते. (अक्कलकोट रोड)

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे. ब्रेकपासून सुरू करा. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत आणि ब्रेक फ्लुइड नवं हवं. जुन्या फ्लुइडमध्ये पाणी मुरलेलं असतं, ते तापून वाफ होते आणि चौथ्या-पाचव्या फेरीत लिव्हर स्पंजसारखा दबतो. चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तकात दिला आहे तेवढाच ठेवा. ताणलेली चेन धोक्याची. ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि फिल्टर घट्ट आहेत का बघा. अनेक ठिकाणी कूलंट काढून साधं पाणी भरायला लावतात, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की लवकर वाळत नाही आणि मागून येणारे घसरतात. परत आल्यावर मात्र कूलंट पुन्हा भरून घ्या. दिव्यांच्या काचांवर टेप लावा, आरसे आणि नंबरप्लेट काढा.

हवेचा एकच आकडा सगळ्या गाड्यांना लागू होत नाही. कंपनीने दिलेल्या आकड्यापासून सुरू करा, सेशननंतर लगेच गरम टायर मोजा आणि आयोजकांकडच्या टायरवाल्याला विचारून दोन-दोन पीएसआय कमी करा. थंड असताना ३२ असलेला टायर तापून ३६ ते ३८ वर जातो. गेज स्वतःचं न्या आणि हवा तिथेच सकाळी मोजा. सोलापुरात दुपारच्या ४२ अंशांत ३२ भरून नेलेला टायर ट्रॅकवर पहाटेच्या २५ अंशांत साडेएकोणतीसच दाखवतो.

अंगावर लेदर सूट हवा. दोन भागांचा असेल तर कमरेभोवती पूर्ण झिपने जोडला जाणारा घ्या. हेल्मेट फुल फेस आणि पट्टा डबल-डी रिंगचा (दोन धातूच्या कड्यांतून ओढून बांधायचा). ग्लोव्ह्ज मनगट झाकणारे, बूट घोट्याच्या वर, पाठीला बॅक प्रोटेक्टर. सकाळी रिकाम्या पोटी जाऊ देऊ नका. सूटमध्ये घाम फार येतो, प्रत्येक सेशननंतर अर्धा लिटर पाणी आणि त्यात चिमूटभर मीठ-साखर.

प्रश्न : चेन्नईच्या सर्किटवर गाडी चालवतच गेलो तर? आणि विमा चालतो का? (होटगी रोड)

उत्तर : चालवत जाऊ नका. श्रीपेरुंबुदूरजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचं आहे, आणि तिथे पोचेपर्यंत तुमचं अंग आणि टायरचा मधला भाग दोन्ही झिजलेले असतील. शिवाय गाडी पडली तर परत कशी आणणार? सोलापूर मुंबई–चेन्नई रेल्वेमार्गावरच आहे, चेन्नई इथून सुमारे सव्वाआठशे किलोमीटर. गाडी पार्सलने पाठवता येते. टाकी पूर्ण रिकामी करा, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती ठेवा, लिव्हर आणि टाकीला जाड गोणपाट बांधा आणि दोन-तीन दिवस हाताशी ठेवून बुक करा. चौघं मिळून टेम्पो केलात तर ते अधिक सोपं, गाडी पडली तरी परतीची सोय आधीच झालेली असते.

विमा : नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅक डे शर्यत नसला तरी कंपनी या कलमावर दावा नाकारू शकते, म्हणून गाडीचं नुकसान स्वतःच्या खिशातून धरून चला. वैयक्तिक अपघात आणि आरोग्य विम्याच्या कागदात धाडसी खेळांचं कलम वाचा आणि एजंटकडून उत्तर लेखी घ्या. पैसे भरण्याआधी आयोजकांना अँब्युलन्स किती आणि जवळचं हॉस्पिटल किती लांब, हे विचारा.