‘फिल्टर’ म्हणजे गाळणी?

प्रश्न असा : व्हिम या टेक्स्ट एडिटरच्या मराठी माहितीत ‘निवडलेल्या ओळी बाहेरच्या स्क्रिप्टमधून फिल्टर करा’ याऐवजी ‘ओळी गाळा’ असं लिहावं का? (स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्राम.)

लिहू नये. चहा गाळतात तो वेगळा. ओळ गाळली म्हणजे वगळली. ‘गाळलेल्या जागा भरा’ सोडवत आपण शाळा पार केली आहे. मग ‘चाळा’? पुस्तक चाळलं म्हणजे वरवर पाहिलं. मजकुराच्या बाबतीत दोन्ही क्रियापदं आधीच दुसऱ्या कामाला लागलेली आहेत.

मूळ शब्द पाण्याच्या घरातला. बागेतल्या रबरी नळीसारखे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत, असं संगणकतज्ज्ञ डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये लिहून ठेवलं होतं. १९७३ मध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘पाइप’ आले, म्हणजे एका प्रोग्रामचं उत्तर थेट दुसऱ्याला देणारी जोडणी. पाइप आला की फिल्टर आलाच, म्हणजे एका बाजूने मजकूर घेऊन दुसऱ्या बाजूने उत्तर देणारा प्रोग्राम! पण हा फिल्टर काही अडवतोच असं नाही. ग्रेप नावाचा फिल्टर हव्या त्या ओळी निवडतो, तिथे चाळणी शोभेल. सॉर्ट नावाचा एकही ओळ टाकत नाही, नुसता क्रम लावतो.

माझ्याकडे शब्दांच्या याद्या असतात. नुसत्या संकेतांकांच्या क्रमाने लावल्या तर ‘काळा’ हा ‘कावळा’च्या आधी येतो, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्या यादीत, ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो हच्याही पुढे. म्हणून यादी वर्णमालेप्रमाणे लावणारी दहाएक ओळींची स्क्रिप्ट पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिली. व्हिममध्ये यादी निवडायची, उद्गारचिन्ह दाबायचं, स्क्रिप्टचं नाव द्यायचं. चाळीस शब्द गेले, चाळीसच परत आले, त्याच जागी. यात गाळलं काय?

बोलताना मी याला ‘दळून आणणं’ म्हणतो. गव्हाचा डबा गिरणीत जातो, त्याच डब्यात पीठ येतं; गिरणी आपली नसते, डबा आपला. आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी मिसळावी तसा स्क्रिप्टचा एररचा मजकूरही कधी यादीत येऊन बसतो. फरक इतकाच, की इथे ‘यू’ (केलेलं रद्द करण्याची कळ) दाबलं की पिठाचे पुन्हा गहू होतात.

तरी लेखी माहितीत ‘दळा’ नको, ‘तेच ते दळण’ ही छटा चिकटेल. नाम ‘फिल्टर’च राहू द्या आणि वाक्य सरळ लिहा : ‘निवडलेल्या ओळी स्क्रिप्टला द्या, उत्तर त्यांच्याच जागी येईल.’