मूल्ये जपणारा आणि तत्त्वाचा माणूस

‘तो मूल्ये जपणारा माणूस आहे’ आणि ‘तो तत्त्वाचा माणूस आहे’ ही दोन वाक्ये समानार्थी मानावीत का, आणि ‘मूल्य’ म्हणजे किंमत असताना जीवननिष्ठांसाठी तो शब्द वापरणे कितपत योग्य, अशी पृच्छा आहे.

दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. संस्कृतात ‘मूल’ या शब्दाला भांडवल, मुद्दल असाही अर्थ आहे आणि ‘मूल्य’ त्यावरूनच आला, तेव्हा बाजाराशी त्याचे नाते जन्माचेच आहे. पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘मूल्य ५० रुपये’ असे छापलेले असते ते मूळ अर्थाला धरूनच. माणसाच्या जगण्याला दिशा देणाऱ्या गोष्टींना ‘मूल्ये’ म्हणण्याची रीत मात्र अलीकडची असून ती इंग्रजी शब्दाच्या प्रतिशब्दातून रूढ झाली, हे मान्य करायला हवे. तरीही मला ती परकी वाटत नाही, कारण याच शब्दाचे घरगुती रूप जे ‘मोल’, त्याने हा अर्थविस्तार आधीच करून ठेवला होता. ‘मोलमजुरी’ आणि ‘मोलकरीण’ यांतले मोल म्हणजे रोख मोबदला. ‘मोलाचा सल्ला’ यातले मोल पैशात मोजता येत नाही. तुकोबांच्या ‘मोलें घातलें रडाया । नाहीं आंसू आणि माया’ या ओळीत तर पैसे देऊन आणलेले रडणे आणि खरी माया समोरासमोर उभी आहेत. ‘विनामूल्य’ आणि ‘अमूल्य’ या जोडीकडेही पाहावे. दोन्हींत मूल्याचा अभावच सांगितला आहे, पण पहिली वस्तू फुकट मिळते आणि दुसरीची किंमत ठरवताच येत नाही. फारसीमार्गे आलेल्या ‘किंमत’ शब्दालाही मराठीने हीच दुहेरी सवय लावली, म्हणूनच ‘त्याला माणसांची किंमत नाही’ या वाक्यात कोणी भाव विचारत नाही.

आता पहिला भाग. येथे कोशातल्या अर्थांपेक्षा या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे अधिक सांगतात. तत्त्व आपण पाळतो किंवा मोडतो, त्याला मुरड घालतो, त्याच्याशी तडजोड करतो. म्हणजे ते नियमासारखे आहे आणि मोडले की मोडल्याचे त्याच क्षणी कळते. मूल्ये मात्र जपली जातात, रुजतात, ढासळतात. ही सारी सावकाश घडणारी कामे आहेत. ‘काल त्याने मूल्य मोडले’ असे कोणी म्हणत नाही. कोणाकडून काहीही न घेणे हे तत्त्व झाले; ज्या सचोटीपायी ते पाळले जाते, ती सचोटी हे मूल्य. शिवाय या अर्थी ‘मूल्य’ बहुधा अनेकवचनीच येते, कारण एकवचनात किंमतीचा वास लगेच येतो. छटेतही अंतर आहे. ‘फार तत्त्वाचा माणूस आहे हो’ हे वाक्य आदराने म्हटले जाते तसे सुस्कारा टाकूनही म्हटले जाते, विशेषतः त्या माणसाकडून काही काम करून घ्यायचे असेल तेव्हा. ‘मूल्ये जपणारा’ या शब्दांत तो वैताग नाही, पण भाषणाचा थोडा दर्प आहे. आपल्या शाळांतील मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत सर्वधर्मसहिष्णुता, श्रमप्रतिष्ठा आणि नीटनेटकेपणा एकाच रांगेत बसतात, हेही त्याचे एक कारण असावे.

जुन्या मराठीत या एका शब्दाचे काम ब्रीद, बाणा, व्रत, नेम असे अनेक शब्द वाटून घेत. ‘ब्रीद’ हे संस्कृत ‘बिरुद’चे रूप, म्हणजे चारचौघांत मिरवण्याचे चिन्ह, म्हणून ते संस्थांना शोभते, आणि रयत शिक्षण संस्थेचे ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य त्याचे नेमके उदाहरण आहे. नेम खासगी असतो, तो धरतात आणि चुकवतात. मला मात्र मूल्याच्या सर्वांत जवळचा जुना शब्द ‘इष्ट’ वाटतो. आगरकरांनी ‘केसरी’ सोडल्यावर १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला आणि ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’ अशी आपली भूमिका मांडली. ‘इष्’ म्हणजे इच्छिणे. तेव्हा इष्ट म्हणजे नुसते हवेसे वाटणारे नव्हे, विचारान्ती हवे असण्याजोगे ठरलेले. त्या वाक्यात मूल्य पहिल्या अर्ध्या भागात आहे, आणि बोलणार, करणार ही क्रियापदे त्याचे तत्त्व करतात.

बोलीत तर नामाचीही गरज पडत नाही. माझ्या आजोबांचे किराणा दुकान होते. तागडीचा काटा स्थिर झाल्यावरही ते चिमूटभर डाळ वर टाकत आणि गिऱ्हाईक ‘राहू द्या’ म्हणाले की ‘मापात पाप नको’ एवढेच बोलत. ‘प्रामाणिकपणा हे माझे मूल्य आहे’ हे वाक्य त्यांच्या तोंडी घालून पाहिले, तर ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही खोटे वाटते.

म्हणून निबंधात, अभ्यासलेखनात ‘वैयक्तिक मूल्ये’ खुशाल लिहावे. कथेतल्या पात्राच्या तोंडी मात्र ‘हे आपल्याला पटत नाही’ किंवा ‘आपल्यात असं करत नाहीत’ असेच येऊ द्यावे. आणि ‘तत्व’ असे एका ‘त’ने लिहू नये: तत् आणि त्व मिळून ‘तत्त्व’, जसे महत् आणि त्व मिळून ‘महत्त्व’.